चाळीस पावलांवरून

सेवानिवृत्त मनुष्याला लोक दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला, "प्रकृती कशी आहे?" आणि दुसरा, "वेळ कसा घालवता?" पहिल्या प्रश्नाला मी चारचौघांसारखेच उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र "पक्ष्यांची छायाचित्रे काढतो," असे सांगितले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित दया उमटते. ज्याने चौतीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले, त्याने उतारवयात गळ्यात कॅमेरा अडकवून बाभळीच्या बनातून हिंडावे, हे पुष्कळांना विपरीत वाटते. मला स्वतःला त्यात विपरीत असे काही दिसत नाही. वर्गात नवे शिक्षक आले म्हणजे मुले आपले नेहमीचे वागणे सोडून देतात. बोलकी मुले मुकी होतात, खोडकर मुले पुस्तकात डोके घालतात. ही मुले खरोखर कशी आहेत हे कळायला त्या शिक्षकांना काही महिने त्यांच्यात बसावे लागते. पक्ष्यांचेही तसेच आहे. आपण जवळ गेलो की जो दिसतो तो पक्षी नव्हे. तो घाबरलेला पक्षी. खरा पक्षी त्याच्या पलीकडे असतो.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यापासून चार-पाच कोसांवर आहे. गावामागे एक लहानसे तळे, तळ्याच्या कडेला बाभळी आणि त्यापुढे शाळेच्या मैदानाला लागून खडकाळ माळ. एवढाच माझा मुलूख. निवृत्तीनंतर मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला. पण तो हाती येण्यापूर्वी वर्षभर मी केवळ वही आणि पेन्सिल घेऊन तळ्यावर जात असे. आज वाटते की ते वर्ष फार उपयोगी पडले. कोणता पक्षी किती वाजता येतो, कोणत्या फांदीवर बसतो, मला पाहून किती अंतरावर मान वर करतो, हे सारे मी वहीत टिपून ठेवले होते. कॅमेरा आला तेव्हा निम्मे काम आधीच झाले होते. तुमच्यापैकी कोणाला या छंदाची आवड असेल आणि कॅमेरा नसेल, तर त्याने मुळीच हिरमुसू नये.

नावे शिकण्यातही मोठी मौज असते. भाषेचा विद्यार्थी म्हणून असेल, पण मला ती मौज जरा अधिकच वाटली. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांची नावे ठेवताना गावचे सारे कसबी लोक झाडावर नेऊन बसविले आहेत. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी. लाकूड टोकरणारा तो सुतार. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा 'टुक्, टुक्' आवाज करणारा तो तांबट. पाण्याकाठी शेपटी वरखाली आपटत चालणारा तो धोबी. टोळ, सरडे पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवणारा तो खाटीक. आणि कावळ्याघारींना पिटाळून लावणारा काळा, दुभंग शेपटीचा तो कोतवाल. तळ्याच्या काठी चिखलाच्या रंगाचा एक बगळा तासन् तास निश्चल उभा असतो. तो उडाला की त्याचे पांढरे शुभ्र पंख एकाएकी उघडतात आणि आपण फसलो हे ध्यानात येते. त्याचे नाव वंचक! वन-अधिकारी म्हणून उभे आयुष्य रानात काढलेले कै. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' माझ्या उशाशी असतो. रात्री तो वाचावा आणि सकाळी त्यातील एखादे नाव समोरच्या फांदीवर येऊन बसावे, यासारखा आनंद नाही.

आता कॅमेऱ्याविषयी दोन शब्द. मुलांना वाटते की सगळी करामत त्या यंत्रात आहे. यंत्र चांगले असावे, हे खरे. पक्षी लहान आणि दूर असतो, म्हणून दूरचे जवळ दाखविणारे लांब भिंग हवे. पण त्या यंत्राचे गणित अगदी थोडे आहे. कॅमेऱ्याला शटर नावाची एक पापणी असते. ती जितका वेळ उघडी राहील तितका प्रकाश आत येतो. बसलेल्या पक्ष्यासाठी ती सेकंदाच्या २५० व्या किंवा ५०० व्या भागापुरती उघडली तरी चालते. उडत्या पक्ष्यासाठी मात्र ती १००० व्या भागात, कित्येकदा त्याहूनही लवकर मिटावी लागते. नाहीतर पंखांच्या जागी नुसता धूर उमटतो. इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून ऊन हवे. पण ते कोवळे हवे, आणि शक्यतो आपल्या पाठीकडून यायला हवे. सूर्योदयानंतरचे दोन तास त्या दृष्टीने सोन्यासारखे असतात. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. डोळा पुसट आला तर बाकी सारे रेखीव असूनही चित्र निर्जीव वाटते. आणि पक्षी जमिनीवर असेल तर आपणही जमिनीवर पालथे पडावे. या वयात मला ते अवघड जाते. पालथे पडण्यापेक्षा उठणे अवघड जाते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हे सारे पंधरा दिवसांत शिकता येते. शिकायला वेळ लागतो तो थांबण्याचा. माझा पहिला गुरू म्हणजे तारेवरचा वेडा राघू. चिमणीएवढा हा हिरवागार पक्षी तारेवरून झेप घेतो, हवेत माशी टिपतो आणि पुन्हा बहुधा त्याच जागी येऊन बसतो. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जो ती मोकळी झालेली जागा पाहून ठेवतो आणि भिंग तिच्यावर रोखून स्वस्थ बसतो, त्याच्याकडे राघू आपण होऊन परत येतो. असा बसलो असताना एकदा त्याने मधमाशी पकडून आणली. ती त्याने लगेच गिळली नाही. तारेवर दोन्ही बाजूंनी आपटून, घासून त्याने तिचा काटा निकामी केला आणि मगच ती गिळली. हे पाहिल्यावर याला 'वेडा' कोणी म्हटले असेल, असा प्रश्न मला पडला!

आजच्या कॅमेऱ्याने एक सोय केली आहे आणि त्या सोयीबरोबर एक खोडही लावली आहे. मी तरुण असताना कॅमेऱ्यात रीळ घालावे लागे आणि एका रिळात छत्तीस चित्रे निघत. सहलीला गेलो तर ती छत्तीस चित्रे तीन दिवस पुरवावी लागत. साहजिकच बोट दाबण्यापूर्वी माणूस नीट पाहत असे. आता एका सकाळी हजार चित्रे निघतात. चित्रे हजार निघोत बापडी. परंतु पाहणे मात्र हजारपट होत नाही, कित्येकदा ते कमीच होते. म्हणून मी एक नेम ठेवला आहे. तळ्यावर गेल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहतो.

या छंदाचा इतिहास मोठा रंजक आहे. फ्रान्समधील एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाला पक्षी पंख कसे हलवतो हे जाणून घ्यायचे होते. त्याने १८८२ साली चक्क एक बंदूक तयार केली. तिला नळी होती, चाप होता, खांद्याला लावून नेम धरावा लागे. पण चाप ओढल्यावर गोळी सुटत नसे. एका सेकंदात बारा छायाचित्रे निघत. जगात बंदुका पुष्कळ झाल्या, पण जिने नेम धरलेला पक्षी उडतच राहिला अशी ती बंदूक! त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास करणे म्हणजे पक्षी मारणे, असाच बहुधा अर्थ होता. आपले थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांनाही पक्ष्यांचे वेड लागले ते शाळकरी वयात छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथून त्यांचे आयुष्यच पालटले. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. आज ते काम कॅमेऱ्याने करता येते. ओळख पटविण्यासाठी पक्षी हातात घेण्याची गरज उरलेली नाही.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ होऊन गेले. पक्ष्यांच्या घरट्यांवरचे त्यांचे १८९५ सालचे पुस्तक छायाचित्रांनी सजविलेले होते. माणूस दिसला की पक्षी उडतात, हे पाहून या भावांनी एक युक्ती केली. त्यांनी बैलाचे कातडे घेऊन आतून पोकळ असा एक बैल बनविला! कॅमेरा घेऊन एक भाऊ त्या बैलाच्या पोटात शिरे आणि छिद्रातून भिंग रोखून तासन् तास उभा राही. पक्षी बैलाला भीत नसत.

ही हकीगत मी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले. पण आमच्या शिवारात ती रोज खरी ठरते. शेतात नांगर चालू असला म्हणजे गायबगळे बैलांच्या, आणि आता ट्रॅक्टरच्या, अगदी मागोमाग चालतात. नांगराने उलथलेल्या मातीतील किडे ते वेचतात. नांगरणाऱ्या माणसाची त्यांना फिकीर नसते, कारण तो त्यांच्याकडे पाहत नसतो. बांधावर एखादा कॅमेरावाला येऊन टक लावून उभा राहिला, की तेच बगळे मान ताठ करतात. पक्ष्यांना माणसाची भीती वाटते त्याहून अधिक भीती त्याच्या रोखलेल्या नजरेची वाटते, असे माझे मत झाले आहे.

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर पाहुणे पक्षी येतात. भीमा नदीवरचे हे धरण झाले तेव्हा पुष्कळ गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर अजूनही वर येते, आणि आमच्या भागातील म्हातारी माणसे ते पाहायला आवर्जून जातात. माणसांची घरे गेली त्या जागी पाखरांची वस्ती झाली. भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात गुलाबी झाक असलेले रोहित पक्षी थव्याथव्याने उभे असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून येतात आणि तो ओलांडूनच परत जातात.

एका जानेवारीत मी नावेतून रोहित पाहायला गेलो. नावाडी विशीतला तरुण होता. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी चालत आलेली होती. थवा दिसू लागताच तो म्हणाला, "सर, उठवू का? एकदम उडाले म्हणजे फोटो लई भारी येतो."

"नको. आपण इथेच थांबू."

"सगळे तेच मागतात, सर. नाही उठवला तर म्हणतात, पैसे कशाचे द्यायचे?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याचे पोट त्यावर होते. मी त्याला विचारले, "आज दिवसभरात किती नावा येतील?" तो म्हणाला, "रविवार आहे. वीस-पंचवीस तर येतीलच." वीस नावांनी वीस वेळा थवा उठवायचा, आणि वीस वेळा त्या पाखरांनी खाणे टाकून आकाशात चकरा मारायच्या! ती येथे येतात ती अंगात बळ साठवायला. उडण्याइतके श्रमाचे काम पक्ष्याला दुसरे नाही. एकेका उड्डाणाची किंमत त्यांच्या शिदोरीतून वजा होते, आणि ती वजाबाकी आपल्या चित्रात दिसत नाही.

त्याने इंजिन बंद केले. काठीने नाव हळूहळू रेटून तो एका जागी स्थिरावला. आम्ही पाऊण तास बसलो. मग रोहित चरत चरत आपण होऊन आमच्या बाजूला सरकले. त्यांचे खाणे मी प्रथमच इतक्या जवळून पाहिले. पायांनी चिखल ढवळायचा, मान खाली वाकवून चोच पाण्यात उलटी धरायची आणि गाळणीतून गाळावे तसे पाणी गाळून बारीक जीव तेवढे ठेवायचे. नावाडी हळूच म्हणाला, "एवढी वर्षं बघतोय, पण हे असं उलट्या तोंडानं खातात हे कधी ध्यानातच आलं न्हाई." थवा त्या दिवशी उडाला नाही. आम्ही दोन फेऱ्यांचा वेळ घेतला होता, म्हणून मी त्याला दोन फेऱ्यांचे पैसे दिले. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने काय सांगितले, ते मला ठाऊक नाही.

घरट्याची गोष्ट याहून नाजूक असते. थव्यातला पक्षी निदान उडून जाऊ शकतो. घरट्यातल्या अंड्यांना ते शक्य नसते. एरिक हॉस्किंग नावाचे एक प्रसिद्ध इंग्रज छायाचित्रकार होते. १९३७ साली ते घुबडाच्या घरट्याजवळ गेले असता पिल्लांच्या रक्षणासाठी त्या घुबडाने झडप घातली आणि हॉस्किंग यांचा डावा डोळा कायमचा गेला. पुढेही त्यांनी एका डोळ्याने हजारो चित्रे काढली. आपल्याकडचे पक्षी बहुधा असे उलटून येत नाहीत. ते नुसते निघून जातात. मग कावळा येतो. आपल्या देशात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिली आहे. रक्षण दिलेल्या पक्ष्यांची अंडी फोडणे तर तीत येतेच, पण अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे हेही तीत येते. शब्दांच्या व्याख्या शिकविण्यात माझा जन्म गेला. इतकी नेमकी व्याख्या माझ्या वाचनात क्वचितच आली असेल.

आता टिटवीची हकीगत सांगतो. एका एप्रिल महिन्यात सातवीत आणि पाचवीत शिकणारे दोघे भाऊ धावत माझ्याकडे आले. "सर, शाळेमागच्या माळावर टिटवीची अंडी आहेत. चार आहेत. दाखवतो, चला." टिटवी तुम्ही पाहिली असेलच. काळे डोके आणि छाती, डोळ्यापुढे लाल मांसल पट्टी, उंच पिवळे पाय आणि रात्रीबेरात्री माळ दणाणून सोडणारा तो आवाज. अंडी परत मिळवण्यासाठी समुद्राशी वैर मांडणारी पंचतंत्रातील टिटवी ती हीच. घरटे म्हणून ती काहीच बांधत नाही. जमिनीत उथळ खळगा करते, भोवती चार खडे ठेवते आणि मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी घालते. पुढे उभे राहूनही ती दिसत नाहीत.

मी मुलांना म्हटले, "अंडी पाहायला जायचे नाही. ती केव्हा उठते, तेवढे पाहू." आम्ही दूरून सावकाश चालत गेलो आणि पावले मोजली. तीस पावले उरली तेव्हा टिटवी उठून उभी राहिली आणि ओरडू लागली. आम्ही मागे सरलो. चाळीस पावलांवर येताच ती पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशीही तोच अनुभव आला. थोरल्या भावाने त्या जागी एक पांढरा दगड आणून ठेवला. त्या दगडाच्या पलीकडे जायचे नाही, असे त्या दोघांनी आपसांत ठरविले. मी सांगितले नव्हते. त्यांच्या चुलत्यांची मोडकी बैलगाडी माळाच्या कडेला पडली होती. ती आम्ही एका संध्याकाळी थोडी, दुसऱ्या संध्याकाळी थोडी अशी सरकवीत दगडापाशी आणली. टिटवीला गाडीचे काहीच वाटले नाही. कीर्टन बंधूंचा बैल आमच्याकडे नव्हता, पण त्याची गाडी होती. तिच्याखाली गोणपाट टाकून आम्ही आळीपाळीने बसू लागलो.

मध्यान्हीच्या उन्हात चित्र चांगले येत नाही. हवा थरथरते, सावल्या काळ्या पडतात. परंतु टिटवीची खरी गोष्ट घडत होती ती भर दुपारीच. माळ असा तापे की अनवाणी पाय टेकवत नसे. इतर पक्षी अंड्यांना ऊब देण्यासाठी बसतात. ही मात्र त्यांना उन्हापासून वाचविण्यासाठी बसलेली असे. मधूनच तिचा जोडीदार येई. मग ती उठून ओढ्याच्या डबक्याकडे जाई, पोट पाण्यात बुडवून पिसे चिंब भिजवी आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. काही वेळाने दुसरा तेच करी. एका दुपारी मी या खेपा मोजल्या, त्या अकरा भरल्या. तिच्या पोटाच्या पिसातून एक थेंब गळतो आहे, असे एक छायाचित्र मला मिळाले. चित्र म्हणून ते सामान्य आहे. पक्षी लहान दिसतो. तरी ते मला प्रिय आहे.

कोणीतरी या घरट्याची वार्ता मोबाइलवरून कोठेतरी पाठविली असावी. एका दुपारी मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. त्यांच्या गळ्यात माझ्या कॅमेऱ्याच्या तिप्पट मोठा कॅमेरा होता. बोलणे सौजन्याचे होते. मुलांना ते म्हणाले, "बाळांनो, अंड्यांसकट एकच फोटो घ्यायचा आहे. पाच मिनिटांचं काम. जागा दाखवा फक्त." आणि त्यांनी पाचशे रुपयांची नोट पुढे केली.

धाकट्याने नोटेकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मुख्याध्यापकाची जुनी जीभ शिवशिवत होती, पण मी बोललो नाही. जागा त्या मुलांनी शोधली होती. त्यांच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती; पाचशे रुपये त्या घरात क्षुल्लक नव्हते.

थोरला म्हणाला, "ह्या दगडाच्या पुढं जायचं नाही, काका. इथनंच घ्या."

"इथून फारच लहान येईल रे!"

"लहान येतो. पण ती बसून राहते."

ते गृहस्थ हसले. "पाच मिनिटांनी काय होणार आहे?"

यावर मुलाला काय उत्तर द्यावे ते सुचेना. तो क्षणभर गोंधळला. मग खाली वाकून त्याने माळावरचा एक खडा बाजूला सारला आणि म्हणाला, "इथं हात ठेवा, काका."

गृहस्थांनी तळहात टेकला आणि झटकन उचलला. मग ते बराच वेळ टिटवीकडे पाहत उभे राहिले. ती चोच उघडी टाकून धापा टाकीत होती. उठली मात्र नव्हती. त्यांनी दगडाजवळूनच दोन चित्रे घेतली. जाताना मोटारसायकल त्यांनी रस्त्यापर्यंत हातांनी ढकलत नेली आणि तिकडे गेल्यावर सुरू केली.

मे महिना लागला आणि एका सकाळी खळगा रिकामा दिसला. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाली की अल्पावधीतच आपल्या पायांनी चालू लागतात, हे मी वाचले होते. तरी आमची छाती धडधडली. मग ओढ्याच्या बाजूने टिटवीचा आवाज आला आणि तिच्या मागून कापसाच्या गोळ्यांसारखी तीन पिल्ले तुरुतुरु जाताना दिसली. चौथ्याचे काय झाले ते कळले नाही. तेवढ्यात आकाशात घार आली. टिटवीने एक हाक दिली आणि तिन्ही पिल्ले जागच्या जागी जमिनीला चिकटली. जणू कोणी ती पुसून टाकली. त्याच वेळी मी चित्र घेतले.

ते चित्र मोठे करून सातवीच्या वर्गात लावले आहे. नवे पाहुणे आले की विचारतात, "हे कसले चित्र? यात तर नुसते दगड आहेत." मग मुले पुढे होऊन बोट ठेवतात, "हे एक पिल्लू, आणि हे दुसरे." तिसऱ्याविषयी मात्र त्या दोघा भावांचे अजून एकमत झालेले नाही. धाकटा ज्याला पिल्लू म्हणतो, तो दगड आहे असे थोरल्याचे म्हणणे आहे.